अज्ञात पांढरा पदार्थ, नग दोन

मंडळी, स्वयंपाक अवघड असतो असं म्हणणाऱ्यांनी कधी चाकणच्या प्रेस शॉपमध्ये क्वालिटी सांभाळलेली नाही! मी चौदा वर्षं सांभाळतोय. पत्र्याच्या ब्रॅकेटमध्ये केसाएवढा फरक पडला तरी मला कळतो. त्यापुढे काजू वाटून सॉस करणं म्हणजे काय हो? साहित्य, प्रमाण, पद्धत, तपासणी. संपलं!

हे मी नुसतं मनात म्हणालो असतो तर ठीक होतं. मी ते मालकांसमोर म्हणालो.

आधी माझ्या पाटीबद्दल सांगतो. माझ्या केबिनच्या दारावर लिहिलंय, 'गुरुदत्त सहस्रबुद्धे, क्वालिटी मॅनेजर (प्रभारी)'. हा कंस अकरा महिने तिथे बसलाय. आमचे मालक सयाजीशेठ. इथलेच, जुन्या गावातले. ज्या रानात त्यांच्या वडिलांची बाजरी यायची तिथे आता आमचे ब्रॅकेट निघतात. त्यांनी मला शब्द दिला होता, "गुरुदत्त, या बारीच्या ऑडिटला एक बी एनसी येऊ देऊ नगंस. त्याच दिशी तुझा कंस खोडतो." एनसी म्हणजे ऑडिटरनं कागदावर मांडलेली आपली चूक. एक आली की पुरे, कंस जागच्या जागी!

आणि ऑडिटर कोण? अनुया मॅडम! यांनी एका कारखान्यात भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं पुढे आहे म्हणून एनसी दिली होती. तो कारखाना म्हणे अजून घड्याळाकडे बघत नाही.

ऑडिटच्या दोन दिवस आधी शेठनी बोलावलं.

"म्याडमच्या हापिसातनं फोन आल्ता. त्यास्नी दूध, तूप, दही कायबी चालत न्हाई."

"व्हीगन असतील, शेठ."

"व्हय, त्येच. वर शिजवल्यालं बी न्हाई! इस्तवच लावायचा न्हाई म्हंत्यात. कांदा-लसूण बी न्हाई. मंग खायाचं काय मानसानं? वैरण टाकू का म्होरं?"

"माझ्यावर सोडा शेठ! रॉ व्हीगन पास्ता करतो. काजूचा क्रीमी सॉस, खाली झुकिनीच्या, म्हणजे त्या विलायती काकडीच्या, पट्ट्या."

"आन् पास्ता?"

"त्या पट्ट्या म्हणजेच पास्ता."

शेठनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "बघ बाबा. म्याडम उपाशी ऱ्हायल्या तर कागदावर रागराग लिवतील, आन् भोगशील तू."

आदल्या संध्याकाळी पुनावळ्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी दोनशे ग्रॅम काजू मोजून भिजत घातले. सकाळी पाचला कामाला लागलो. बायको, मृदुला, मिक्सरच्या बटणावर. मी समोर, हातात कंपनीचा तापमान मोजायचा थर्मामीटर, तो बंदुकीसारखा रोखायचा असतो तो! कारण मिक्सर तापला की सॉस तापतो, आणि सॉस तापला की तो कच्चा राहत नाही.

"अठ्ठावीस! चालू दे! बत्तीस... पस्तीस... बंद! बंद कर!"

"अरे, चटणी वाटतोय की बॉम्ब निकामी करतोय?" मृदुला म्हणाली.

पण काय सॉस झाला, मंडळी! लिंबू, मीठ, मिरपूड एवढंच घातलं, तरी दाट, गुळगुळीत, दुधाच्या सायीसारखा. मृदुलानं बोट बुडवून चाखलं आणि लग्नाच्या सोळा वर्षांत पहिल्यांदाच कुठलीही दुरुस्ती न सुचवता म्हणाली, "छान झालंय रे!" मी तिथेच मनातल्या मनात कंस खोडला.

मग तिनं सॉससाठी स्टीलचा डबा पुढे केला. डब्यावर ठळक कोरलेलं: 'चि. सौ. मृदुलास डोहाळजेवणानिमित्त सप्रेम, इंदुताई.'

"या डब्यातून? ऑडिटरला?" मी ओरडलो. "मॅडमसमोर माझ्या बायकोचं डोहाळजेवण मांडू?"

"नाव असलेला डबा हरवत नाही. माझा एकही हरवलेला नाही आजवर."

"ही कंपनी आहे मृदुला, मंगळागौर नाही!"

मी कंपनीतून नमुन्यांची एक नवीकोरी बरणी आणली होती. पारदर्शक, घट्ट झाकणाची, अगदी प्रोफेशनल. त्यात सॉस भरला, झुकिनीच्या पट्ट्या दुसऱ्या डब्यात घेतल्या आणि निघालो. साडेआठला बरणी आणि डबा लॅबच्या फ्रिजमध्ये ठेवले आणि मॅडमच्या स्वागताला गेलो.

सकाळ अशी गेली म्हणून सांगू! प्रत्येक मशीन, प्रत्येक गेज, प्रत्येक रजिस्टर. मॅडम साधारण बत्तिशीच्या, आवाज मऊ, नजर करवतीची. बारा वाजेपर्यंत एनसी शून्य! शेठ लांबून माझ्याकडे बघून मिशीवरून बोट फिरवत होते. बारा वीसला मॅडम शेठबरोबर स्टोअर बघायला गेल्या. जेवण एकला. मी ताट मांडायला म्हणून लॅबमध्ये गेलो, फ्रिज उघडला.

बरणी नव्हती!

वरचा कप्पा, खालचा कप्पा, दाराचा कप्पा. झुकिनीचा डबा होता, त्याच्यावर गेल्या दिवाळीला चिकटवलेलं माझं नाव होतं. बरणी गायब!

"नवनाथ!"

नवनाथ आमचा शॉप सुपरवायझर. बीडकडचा, कामाला वाघ. त्याला मी स्वतः तयार केलाय. दर शनिवारी मी सगळ्यांना शिकवतो की कारखान्यात प्रत्येक वस्तूला जागा हवी आणि नाव हवं. ज्या वस्तूवर नाव नाही तिला लाल टॅग लावायचा आणि लाल पिंजऱ्यात टाकायची. मागच्याच शनिवारी मी टेबलावर हात आपटून म्हणालो होतो, "माझी वस्तू असली तरी टाकायची! माझ्या बापाची असली तरी टाकायची!"

"फ्रिजमधली बरणी कुठाय?"

"पिंजऱ्यात, सर." नवनाथची छाती फुगलेली. "सकाळीच राउंड मारला. नाव नाही, तारीख नाही. म्हणलं ऑडिटच्या दिवशी असला माल फ्रिजात? लगेच लाल टॅग!"

"अरे, ते जेवण आहे मॅडमचं!"

"पण सर, नमुन्याच्या बरणीत जेवण कामून ठेवलं?"

मी पिंजऱ्याकडे धावलो. पिंजरा म्हणजे जाळीची लाल खोली, कुलपाच्या दोन किल्ल्या, एक नवनाथकडे, एक माझ्याकडे. दारावर नियमांचा फ्रेम केलेला कागद. 'टॅग लागलेला माल तपासणी झाल्याशिवाय व दोन सह्यांशिवाय वापरात घेऊ नये.' खाली सही माझी.

बारा तेहतीस. मी कुलूप उघडलं. दोन मिनिटांत बरणी काढायची, टॅग फाडायचा, ताट मांडायचं, कुणाला पत्ता लागणार नाही. आत नजर टाकली आणि दारातच थबकलो.

फळीवर दोन बरण्या होत्या! तशाच पारदर्शक, तशाच घट्ट झाकणाच्या, दोन्हींत पांढरं, दाट, गुळगुळीत. दोन्हींवर नवनाथच्या सुवाच्य अक्षरात एकच टॅग: 'अज्ञात पांढरा पदार्थ.'

"दुसरी कसली रे?"

"पांढरं ग्रीस असावं, सर. मेंटेनन्सवाल्यांनी खिडकीत ठेवलतं. तिच्यावर पण नाव नव्हतं."

"यातली फ्रिजमधली कुठली?"

नवनाथनं डोकं खाजवलं. "दोन्ही एकदमच आणल्या सर."

हात लावून पाहिलं. चार तासांत दोन्ही सारख्याच कोमट झालेल्या. वास घेतला. लसूण तर मी घातलाच नव्हता, आणि माझ्या बोटांना सकाळपासून मशीनच्या तेलाचा वास. मला दोन्हींत ग्रीसचाच वास येत होता! एक ऑडिटरच्या पोटात जायची होती. दुसरी गेली तर? एनसी सोडा, मला बेड्याच पडल्या असत्या.

मी दोन्ही बरण्यांची झाकणं उघडून उभा, आणि मागून मऊ आवाज आला.

"हा तुमचा रिजेक्शनचा पिंजरा का?"

अनुया मॅडम! शेजारी शेठ, चेहऱ्यावर अजून सकाळचंच हसू.

"आत काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"अज्ञात पांढरा पदार्थ, मॅडम," नवनाथ सावधानमध्ये उभा राहून म्हणाला. "नग दोन."

मॅडमनी टॅग वाचले, तारीख पाहिली, वेळ पाहिली आणि मान डोलावली. "वा! इतक्या नीट टॅग केलेला माल मी या औद्योगिक पट्ट्यात पाहिला नाही." शेठचं बोट मिशीवर गेलं. "मग आता याचं काय करणार?"

"भंगारात, मॅडम! आत्ताच!" नवनाथनं दोन्ही बरण्या उचलल्या. दोन पावलांवर टाकाऊ काळ्या तेलाचं पिंप होतं.

बघा ना, मी गप्प बसलो असतो तर एनसी शून्य होती, पाटी स्वच्छ होती! पण पहाटे पाचपासूनची मेहनत त्या पिंपाकडे निघाली आणि माझ्या तोंडून गेलंच, "थांब!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"तपासणी... तपासणी राहिलीय," मी म्हणालो. आणि मंडळी, मी बोट बुडवून पहिली बरणी चाखली.

ग्रीस होतं!

त्या चवीचं वर्णन मी करणार नाही. एवढंच सांगतो की जीभ टाळूवर नुसती घसरत होती आणि मी शेजारच्या वाळूच्या बादलीत थुंकत सुटलो. शेठ दोन पावलं मागे सरकले.

"तुमच्याकडे माल असा तपासतात?" मॅडमनी विचारलं. त्यांनी पेन काढलं होतं.

आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. मी दुसरी चाखली. लिंबू! मिरपूड! काजू! डोळ्यांत पाणी आलं, आनंदाचं की ग्रीसचं ते माहीत नाही.

"काजू आहे हा!" मी ओरडलो.

"काजू?" शेठ पुटपुटले. "पिंजऱ्यात?"

मॅडम बरणीकडे बघत होत्या, मग माझ्याकडे. हळूच म्हणाल्या, "हे माझं जेवण आहे का?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. पण ग्रीस लागलेल्या जिभेनं खोटं बोलणं अवघड असतं. मी सगळं सांगितलं. काजू, थर्मामीटर, बरणी, सगळं.

मॅडमचा चेहरा एकदम निराळाच झाला. "मला बहुतेक कंपन्यांत केळी देतात," त्या म्हणाल्या. "दोन केळी आणि टिश्यू पेपर. माझ्यासाठी कुणी पहाटे उठून काही केलं नव्हतं." त्यांनी बरणीचा वास घेतला. मला खरंच वाटलं, वाचलो!

"पण मी हे खाऊ शकत नाही."

"का मॅडम? काजूच आहे, मी चाखलाय!"

त्यांनी दारावरच्या फ्रेमकडे बोट केलं. "लाल टॅग लागलाय. तपासणीचा अहवाल नाही, दोन सह्या नाहीत. नियम तुमचाच आहे. सहीसुद्धा."

नवनाथनं आदरानं मान हलवली आणि दोन्ही बरण्या पिंपात रिकाम्या केल्या. माझा सॉस काळ्या तेलावर क्षणभर तरंगला आणि खाली गेला. मॅडमही शेवटपर्यंत बघत होत्या. मग त्यांनी झुकिनीच्या पट्ट्या लिंबू-मीठ लावून निमूटपणे खाल्ल्या आणि चारच्या सुमारास अहवाल दिला. कौतुक एक: लाल पिंजऱ्याची शिस्त, श्री. नवनाथ. एनसी एक: ओळख नसलेला माल फ्रिजमध्ये ठेवणे, जबाबदार क्वालिटी मॅनेजर (प्रभारी).

शेठनी मिशीवरचं बोट खाली घेतलं. "फुडल्या ऑडिटला बघू," एवढंच.

घरी आल्यावर मी मृदुलाला सगळं सांगितलं. ती हसली नाही, हे तिचं मोठेपण. तिनं इंदुताईंचा डबा ओट्यावर, माझ्या नजरेसमोर ठेवला आणि पोळ्या लाटायला घेतल्या.

एनसीवर कायमचा उपाय लिहून द्यावा लागतो. मी लिहिला: 'यापुढे लॅबमध्ये खाद्यपदार्थ फक्त नाव कोरलेल्या स्टीलच्या डब्यात.' मॅडमनी एका ओळीत कळवलं, 'उत्तम. मान्य.'

सोमवारच्या मीटिंगमध्ये शेठनी माझ्या हातात नवाकोरा डबा ठेवला. सगळ्या शॉपनं टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, मी तो छातीशी धरला. कोरून आणायचं काम नवनाथकडे होतं. रविवारची सुट्टी घालवून तो थेरगावच्या भांड्यांच्या दुकानात बसला होता. मी डबा फिरवून वाचला.

'श्री. गुरुदत्त सहस्रबुद्धे, क्वालिटी मॅनेजर (प्रभारी)'.

"नवनाथ, कंस कशाला कोरला रे?"

"सर, ओळख पूर्ण पाहिजे. तुम्हीच म्हणले होते!"

पाटीवरचा कंस निदान रंगवलेला आहे. डब्यावरचा जात नाही, मंडळी. मी घासून पाहिलंय. दोनदा.