"चिंधीला कितव्या नंबरची सुई?" मास्तरांनी विचारलं.

"बावीस," मास्तरांची बायको म्हणाली. "बावीस नंबर. डझनभर आणा. आणि तिथे जाऊन स्वतःचं डोकं चालवू नका."

तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. परवा न्हाणीघरात पाय घसरला आणि मनगट गेलं. नेमका तोच चिंधीच्या सलाईनचा दिवस होता. त्या गडबडीत सलाईन राहिलं ते राहिलंच. आज तिसरा दिवस. चिंधी सकाळपासून कपाटाखाली बसून होती आणि दुधाच्या वाटीकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

चिंधी म्हणजे मांजर. मास्तरांचं शिलाईचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत. चौदा वर्षांपूर्वी तिथल्या चिंध्यांच्या पोत्यात एक मुठीएवढं पिल्लू सापडलं, म्हणून चिंधी. मास्तर तिला पोत्यासकट बाहेर ठेवायला निघाले होते. बायकोनं पोतं बाहेर ठेवू दिलं, पिल्लू ठेवून घेतलं. तेव्हापासून चिंधी बायकोची. मास्तरांचा आणि तिचा संबंध एवढाच, की ती बेतलेल्या कापडावर बसायची आणि मास्तर पट्टी आपटून तिला उठवायचे.

आता तिची मूत्रपिंडं थकली होती. एक दिवसाआड शंभर मिली सलाईन कातडीखाली द्यायचं, तेही घरीच, असं जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. दवाखान्यात न्यायची सोय नव्हती. टोपलीत घातलं की चिंधी अशी काही हाय खायची, की पुढचे दोन दिवस अन्नाला शिवत नसे. तेव्हा गेले सहा महिने बायको तिला सलाईन देत होती. मास्तरांचं काम बाटली उंच धरायचं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहायचं. चाळीस वर्षं सुईवर पोट भरलेला माणूस, पण जिवंत अंगात सुई जाताना त्यांना बघवत नसे. "कापड ओरडत नाही," असं ते म्हणायचे.

"मी देईन म्हणतोय खरा," चपला घालता घालता मास्तर म्हणाले, "पण जमेल ना?"

"न जमून सांगता कुणाला? आज गेलं नाही तर ती उद्या उठायची नाही. जा आता. बावीस!"

मास्तर निघाले. बावीस, बावीस, असं घोकत कोपऱ्यापर्यंत आले आणि थबकलेच. मशीनच्या सुया त्यांच्या डोळ्यांपुढे ओळीनं उभ्या राहिल्या. अकरा नंबर रेशमाला. चौदा शर्टाला. सोळा पँटला. अठरा जीन्सला. एकवीस ताडपत्रीला. एकवीस नंबर त्यांनी आयुष्यात एकदाच लावली होती, एका ट्रकवाल्याची ताडपत्री शिवताना. आणि ही बाई एवढ्याशा जिवाला बावीस टोचतेय? सहा महिने? चिंधी सलाईन घेताना शेवटीशेवटी का गुरगुरायची, याचा त्यांना एकदम उलगडा झाला.

औषधाच्या दुकानात पोचेपर्यंत त्यांचा विचार पक्का झाला होता.

"सलाईनच्या सुया," ते म्हणाले.

"बावीस ना?" औषधवाल्यानं खणात हात घातला. "बाई नेतात त्याच?"

"थांबा. तुमच्याकडे सगळ्यांत लहान नंबर कोणता?"

"लहान? अठरा आहे. पण मास्तर..."

"अठरा द्या. डझनभर."

"अहो, बाई तर नेहमी बावीस..."

"बाई शिवण कोणाकडून शिकल्या?" मास्तरांनी विचारलं. "सुयांचं तुम्ही मला सांगू नका. मी तुम्हाला गोळ्यांचं सांगतो का?"

औषधवाल्याच्या अंगातली पँट मास्तरांनीच शिवलेली होती आणि दुसरी त्यांच्याकडे पडून होती. त्यानं निमूटपणे अठरा नंबरच्या बारा पुड्या काढून दिल्या.

घरी बायको बाटली कोमट पाण्यात ठेवत होती. मास्तर तिच्याकडे न बघता पुढच्या खोलीतच थांबले. एक पुडी फोडली, टोपण काढलं आणि सुई चष्म्यापुढे धरली.

चांगली दणदणीत सुई होती. मधलं भोकसुद्धा दिसत होतं. उशीची खोळ नाही, गादी शिवता आली असती.

आता इथे दुसरा कोणी असता तर त्याला आपलं काही चुकलं असेल अशी शंका आली असती. मास्तरांना आली नाही. बावीस नंबरची सुई त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. त्या वेळी ते कॅलेंडर बघत असत. त्यांना धास्ती पडली ती वेगळीच. अठराच ही एवढी, तर बावीस केवढी असेल!

"आणल्या का?" आतून आवाज आला.

"आणल्या. म्हणजे... आणतोय. दोरा राहिला."

"आत्ता दोरा कशाला हवाय?"

"आलोच!" म्हणत मास्तर पुन्हा रस्त्यावर.

"यापेक्षा लहान नंबर हवा," ते औषधवाल्याला म्हणाले. "चौदा वगैरे."

औषधवाल्यानं गिऱ्हाइकाला औषध देता देता त्यांच्याकडे पाहिलं. एकदा सांगून झालं होतं. "चौदा आमच्याकडे नसते. जनावरांच्या औषधांचं दुकान आहे ना, पुलापलीकडे? तिथे विचारा."

हे मास्तरांना पटलं. माणसं सोसतात, म्हणून माणसांच्या दुकानात जीन्सच्या खालची सुई ठेवत नाहीत. मुकी जनावरं सोसत नाहीत, तिथे शर्टाची असणार.

पूल चढून उतरेपर्यंत त्यांना घाम फुटला. जनावरांच्या औषधांच्या दुकानात पेंडीच्या पोत्यांच्या थप्प्या होत्या आणि मागे एक गलेलठ्ठ मिशीवाला बसला होता.

"चौदा नंबरची सुई आहे?"

"आहे की. किती जनावरं?"

"एकच."

"गाभण आहे?"

"छे हो. म्हातारी आहे. चौदा वर्षांची."

"मग जपून लावा. कातडं निबर झालेलं असतं," मिशीवाला आपुलकीनं म्हणाला. "वजन काय भरेल? अंदाजे?"

"पावणेतीन किलो."

मिशीवाल्यानं वहीवरून मान वर केली. "काय आहे काय ते?"

"मांजर."

मिशीवाल्यानं वही मिटली. त्यानं एक डबी उघडली आणि आतली सुई काउंटरवर ठेवली. ती टण्ण वाजली. सुई कसली, पितळी बुडाचा दाभण होता तो.

"ही चौदा," तो म्हणाला. "म्हशीला लावतो. म्हैस बांधून."

मास्तर सुईकडे बघत राहिले. "आणि... अकरा?"

"अकरा मी पाहिली नाही. असलीच तर हत्तीला लागत असेल."

"म्हणजे नंबर जसा लहान..."

"तशी सुई जाड. पहिल्यापासून तसंच आहे, काका."

मास्तर पेंडीच्या पोत्यावर बसले. मिशीवाल्यानं त्यांना पाणी दिलं. बावीस त्याच्याकडे नव्हती; इतकी बारीक तो ठेवतच नसे. एवढ्या गप्पा झाल्यावर रिकाम्या हातानं उठणं त्यांना बरं दिसेना, म्हणून ती चौदा नंबर त्यांनी घेतली आणि खिशात टाकून परत फिरले. आता सरळ जायचं, औषधवाल्यापुढे मान खाली घालायची आणि बावीस आणायच्या. पण औषधवाल्याचं शटर खाली होतं. त्यावर पाटी होती: आज संध्याकाळी दुकान बंद राहील.

घराच्या दारात बायको उभीच होती.

"दोरा मिळाला?"

मास्तर आत आले. त्यांनी अठराच्या पुड्या मशीनच्या फळीवर ठेवल्या. पुड्यांबरोबर खिशातली ती दुसरीही बाहेर आली आणि घरंगळत बायकोपुढे थांबली.

"ही काय, बैलाची?"

"म्हशीची," मास्तर प्रामाणिकपणे म्हणाले, आणि मग सगळंच सांगून टाकलं. रेशमापासून ताडपत्रीपर्यंत.

बायको आधी चिडली, मग हसली, मग पुन्हा चिडली. डाव्या हातानं तिनं आपला शिवणाचा डबा पुढे ओढला आणि हातसुयांचं पाकीट त्यांच्यापुढे टाकलं.

"वाचा. पाच नंबर जाड, दहा नंबर बारीक. चाळीस वर्षं तुमच्या प्रत्येक पँटची तुरपाई केली मी. माझ्या सुया कशा चालतात हे एकदा तरी बघितलंत?"

मास्तरांनी पाकीट वाचलं. उलटून वाचलं. एकाच घरात, एकाच दिव्याखाली, चार हातांवर बसून दोन माणसं उलट्या नंबरांनी शिवत होती आणि चाळीस वर्षांत एकाला त्याचा पत्ता नव्हता.

"माझं चुकलं," ते म्हणाले.

"चुकलं ना? मग आता सांगा, चिंधीचं काय करायचं?"

दोघंही कपाटाखाली वाकून बघू लागले. चिंधीनं डोळे उघडले आणि परत मिटले. आता थट्टा राहिली नव्हती.

"डॉक्टरांना फोन लावा," बायको म्हणाली. "विचारा, आजच्यापुरती ही जाड चालेल का."

मास्तरांनी फोन लावला आणि दोघांना ऐकू यावं म्हणून मशीनच्या फळीवर ठेवला.

"डॉक्टरसाहेब, जरा घोटाळा झालाय. घरात फक्त अठरा नंबरच्या सुया आहेत."

"मग घोटाळा कसला?" पलीकडून आवाज आला. "अठराच द्यायची. मी अठराच लिहून दिली होती."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. बायको कॅलेंडरकडे बघत होती.

"हॅलो? आतापर्यंत कोणती देत होतात?"

मास्तरांनी फोन बायकोकडे सरकवला. शेवटी बायको फोनपाशी वाकली. "बावीस," ती एवढ्याशा आवाजात म्हणाली. "तुम्ही लिहून दिलेली मला फार जाड वाटली हो. तिला दुखेल, म्हणून मी आपली बारीक..."

"सहा महिने? अहो बाई, बावीसमधून शंभर मिली जायला किती वेळ लागतो?"

"पंधरा-वीस मिनिटं."

"आणि ती गुरगुरते?"

"शेवटीशेवटी."

"मग गुरगुरेल नाहीतर काय! तिला टोचण्याचा त्रास नाही, बसून राहण्याचा आहे. अठरानं पाच-सहा मिनिटांत मोकळी होईल. द्या, द्या. आज नक्की द्या."

फोन बंद झाला.

"तिथे जाऊन स्वतःचं डोकं चालवू नका," मास्तर हळूच म्हणाले, "असं कोणीतरी म्हणत होतं."

"बाटली अडकवा आधी," बायको म्हणाली.

बाटली कोट टांगायच्या खुंटीवर अडकवली. नळीतली हवा बायकोनं सांगितली तशी मास्तरांनी काढली. चिंधीला कपाटाखालून काढून मशीनशेजारच्या स्टुलावर ठेवलं. एरवी तिला दोघांनी धरावं लागायचं. आज ती नुसतीच बसली, आणि तेच मास्तरांना सहन होईना. त्यांची नजर कॅलेंडरकडे गेली.

"मला जमायचं नाही गं."

"बघा इकडे. मानेच्या मागची कातडी चिमटीत उचला. उचललीत? आता हे काय आहे?"

"मांजर."

"चुणी आहे. चुणी धरलीय तुम्ही. परकराच्या किती चुण्या घातल्यात आयुष्यात? त्या चुणीच्या पोटात सुई घालायची, पलीकडून बाहेर काढायची नाही. बस्स."

मास्तरांनी पाहिलं. चुणीच होती. जरा सैल धरलेली, चांगल्या मऊ कापडाची. त्यांचा हात आपोआप पुढे झाला आणि सुई एका दमात आत गेली. कापड ओरडलं नाही.

बाटलीत बुडबुडे भराभर वर चढायला लागले. बायको डाव्या हातानं चिंधीचं डोकं खाजवत राहिली. मास्तरांनी श्वास सोडला तेव्हा शंभर मिली संपलंसुद्धा होतं.

सुई काढली तरी चिंधी हलेना. सवयीनं आणखी दहा मिनिटं बसायच्या तयारीत ती तशीच थांबली. मग मागे वळून तिनं मास्तरांकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, संशयानं स्टुलावरून उतरली आणि तासाभरानं स्वयंपाकघरातून वाटी ढकलल्याचा आवाज आला. वाटी रिकामी झाली की ती ढकलायची तिची पद्धत होती.

"ऐका," बायको म्हणाली. मास्तरांनी घाईघाईनं मशीनमध्ये दोरा ओवायला घेतला. दोऱ्याला दोनदा फाटा फुटला.

प्लास्टर पाच आठवड्यांनी निघालं. तोवर सलाईन मास्तरच देत होते. बायकोनं पाचही बोटं हलवून बघितली, बाटली कोमट केली, पुडी फोडली. अठराची. आणि स्टुलाशी उभी राहून हाक मारली, "चिंधे, ये."

चिंधी आतून आली. बायकोच्या पायाला अंग घासून तशीच पुढे गेली, मशीनवर चढली आणि एका गिऱ्हाइकाच्या बेतलेल्या शर्टावर, मास्तरांकडे पाठ करून, मान वाकवून बसली.

"बघितलंत?" बायको म्हणाली. "सहा महिने हिचं मी केलं, सहा महिने!"

"बावीसनं केलंस," मास्तर म्हणाले.

पट्टी हाताशीच होती, पण त्यांनी ती आपटली नाही. चिंधीला न हलवता शर्टाच्या बाह्या तेवढ्या तिच्याखालून सरकवून घेतल्या आणि सुईसाठी हात पुढे केला. बायकोनं सुई त्यांच्या हातात दिली. मग तिनं बाटली उचलली, हात उंच धरला, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभी राहिली.