चुलीचा पहिला नंबर

आमचे दाजी कुठेही निघाले, की त्यांच्या शर्टाच्या खिशात खोडरबर असतो. पेन नसेल, चष्मा घरी राहिला असेल, पण खोडरबर असतो. लग्नाच्या मांडवात असो, बारशाला असो, यजमानांच्या घरात कुठे कॉम्प्युटर बंद पडलाय असं कानावर आलं, की दाजी जेवणाची पंगत सोडून उठतात. डबा उघडतात, आतली मेमरीची पट्टी काढतात, तिची पिवळी कडा खोडरबरने घासतात आणि पुन्हा बसवतात. निम्म्या वेळा मशीन सुरू होतं. उरलेल्या निम्म्या वेळा दाजी म्हणतात, "ह्यो माणसांच्या चुकीनं बिघडलाय. माणसं बदला."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात नोकरी केली. कारखान्याने जुनी मशीनं काढून टाकली तेव्हा त्यांतली तीन ते कळंब्याच्या घरी घेऊन आले. एक बाहेरच्या सोप्यात ठेवलं, एक माडीवर, एक स्वयंपाकघरात मिक्सरच्या शेजारी. तिघांना तारेने जोडून घरातल्या घरात नेटवर्कचं जाळं केलं. प्रत्येक मशीनला जाळ्यात एक नाव आणि एक नंबर द्यावा लागतो. नावं त्यांनी दिली सोपा, माडी आणि चूल. पहिला नंबर दिला चुलीला.

"घरात पयला नंबर तिचाच की," ते म्हणाले. "कागदावरबी ऱ्हाऊ दे."

ही जोडाजोडी हौसेची नव्हती, हे मला नंतर कळलं. अक्काचा आवाज मोठा होता. तिने स्वयंपाकघरातून हाक मारली की बांधावरच्या बायका मागे वळून बघत. मग तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि तो आवाज गेला. जीव वाचला, पण बोलणं फुसफुसण्याएवढंच उरलं. त्या काळात दाजींनी तार ओढली. त्या जुन्या मशीनमध्ये एक सोय होती. इकडून निरोप लिहिला की तिकडच्या पडद्यावर टिंग करून एक करडी चौकट उघडायची, आणि ओके दाबल्याशिवाय हटायची नाही.

मी एकदा विचारलं, "दाजी, मोबाईल आहेत की दोघांकडे."

"मोबाईल बघितला न्हाय म्हणून सांगता येतंय, पावणं. ह्याला ओके दाबावं लागतंय. तुमच्या बहिणीला तेच पायजेल हाय."

अक्का एका बोटाने, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची. 'चहा निवतोय.' 'पेपर पुरे.' एकदा निरोप आला, 'दूध उतू चाल', आणि पाठोपाठ दुसरा, 'गेलं.' दाजींनी तो वाचला, ओके दाबलं, आणि आत जाऊन मुकाट्याने ओटा पुसला. शेजारी बसलेल्या मला म्हणाले, "आवाज व्हता तवा ह्यातलं निम्मं मला ऐकू येत नव्हतं."

जाळं बिघडलं की दाजींची पद्धत ठरलेली. आधी घरातल्या सगळ्यांना उभं करायचं आणि विचारायचं, "शेवटचा हात कुणी लावला?" मग तार धरायची. सोप्यापासून सुरुवात करून, बोटांतून तार सोडत, खिडकीच्या चौकटीवरून, देव्हारा असावा अशा कोनाड्यातल्या बाबासाहेबांच्या तसबिरीखालून, थेट चुलीपर्यंत. वाय-फायवर त्यांचा राग आहे. "हवा कुठं मोडली ते कसं कळणार? तारंला धरून मागं चालत गेलं की चूक सापडतीच." उंदराने कुरतडलेली तार, पाहुण्याच्या खुर्चीखाली चेंगरलेली तार, कळंब्याच्या दमट हवेने गंजलेलं टोक, असं काय काय त्यांनी या पद्धतीने शोधून काढलेलं आहे. त्यामुळे चूक तारेत नसेल, ही शक्यता त्यांनी सोडूनच दिली आहे.

अक्का गेली. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं पांगली. माझा भाचा मिलिंद पुण्याला परत जाण्याआधी बापासाठी वाय-फायचा डबा बसवून गेला, रोज व्हिडिओवर दिसावेत म्हणून. थोड्याच दिवसांत त्याचा मला फोन आला.

"मामा, पप्पा जेवत नाहीयेत. विचारलं की म्हणतात जेवलो. पण गळ्याची हाडं दिसायला लागलीत. आधी बरे होते. तू जाऊन बघ ना."

मी शाहूपुरीतून निघायच्या तयारीत असतानाच दाजींचा फोन आला. जेवणाबद्दल एक अक्षर नाही.

"जय भीम. पावणं, चूल दिसंना झालीया. या."

मी गेलो. मिलिंद म्हणाला ते खरं होतं. शर्ट खांद्यावरून ओघळत होता. मी "जेवलात का?" विचारायच्या आत त्यांनी माझ्या हातात तार दिली.

"तुमी ह्या टोकाला धरा. शेवटचा हात कुणी लावला?"

"दाजी, घरात तुम्ही एकटेच आहात."

"मग मीच आसंन," ते म्हणाले आणि चालू लागले.

आम्ही तार धरून सोप्यातून आत गेलो, आतून बाहेर आलो. दोन्ही टोकं कापून नवी बसवली. पट्ट्या घासल्या. चूल दिसेना. मला यातलं काही कळत नाही. मी आयुष्यभर ग्रंथालयात बसलेला माणूस, समोर अक्षरं दिसली की वाचतो एवढंच. चुलीच्या पडद्यावर खाली कोपऱ्यात बारीक इंग्रजीत काहीतरी आलेलं होतं.

"दाजी, इथं काहीतरी लिहिलंय."

"लिव्हलेलं मागनं बघू. आदी तार."

"अहो, हा नंबर जाळ्यात दुसऱ्या कुणाचातरी आहे, असं लिहिलंय."

ते थांबले. चष्मा शोधला. वाकून वाचलं. मग हळूहळू वळून त्यांनी सोप्यातल्या त्या नव्या डब्याकडे पाहिलं. त्याचे हिरवे दिवे लुकलुकत होते. दाजींनी मग मला समजावलं, असले डबे येतानाच स्वतःला पहिला नंबर लावून येतात, आणि एका नंबरावर दोघांना बसता येत नाही.

"बगा," दाजी म्हणाले. "कालपरवा आला आन् तिच्या जागेवर बसला."

"मग चुलीला दुसरा नंबर द्या. मिनिटाचं काम असेल."

"चुलीचा नंबर बदलायचा न्हाय."

पुढचा बराच वेळ त्यांनी त्या डब्याला शेवटचा नंबर घ्यायला लावण्यात घालवला. तो ऐकेना. दाजी त्याच्याशी बोलत होते, शिव्याही देत होते. मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो. शेजाऱ्यांनी सकाळी दिलेला जेवणाचा डबा ओट्यावर तसाच होता. कालचाही त्याच्या मागे होता. मी तिथूनच म्हणालो, "दाजी, हे मशीन आता लागतं कशाला? आत कोण आहे निरोप पाठवायला?"

सोप्यातली खटखट थांबली.

"मीच पाठवतो," ते म्हणाले. "आत यायचं, चुलीवरनं निरोप टाकायचा. भाईर जायचं, ओके दाबायचं. मग आत येऊन जेवायचं. इतकी वर्सं बोलवल्याबिगर ताटावर बसलो न्हाय, पावणं. आता कसं बसू?"

खटखट पुन्हा सुरू झाली. मग वाय-फायचा डबा एकदाचा शेवटच्या नंबरावर गेला आणि दाजी ओरडले, "दिसली! चूल दिसली! आता तिथनं कायतरी टाका. कायबी टाका."

मी अक्काच्या स्टुलावर बसलो. कळफलकावरच्या काही अक्षरांना पिठाचे डाग होते. मी एका बोटाने लिहिलं, 'जेवायला या. ताट वाढलंय.'

बाहेर टिंग वाजलं. त्यानंतर काहीच आवाज आला नाही. मला वाटलं, चूक केली. नुसतं 'हॅलो' टाकायला हवं होतं. मग खुर्ची सरकली. मोरीत पाण्याचा आवाज आला, हात धुतल्याचा. आणि माझ्या लक्षात आलं, की ताट वाढलेलंच नाही. मी धडपडत उठलो, मांडणीवरून ताट ओढलं, जेवणाचा डबा उघडायला गेलो तर त्याचं झाकण निघेना.

दाजी ओल्या हातांनी दारात उभे होते.

"ताट कुठं हाय?"

"वाढतोय, वाढतोय."

"तिचंबी आसंच आसायचं. निरोप फुडं, ताट मागं." ते खाली बसले, मांडी घातली, माझ्याकडे पाहिलं. "तुमीबी घ्या की एक ताट. का तुमाला येगळा निरोप पाठवू?"