आईच्या गुडघ्यांसाठी चार बोटं

कारखान्यात त्यांना सगळे सेफ्टीसाहेब म्हणत आणि घरीही तेच नाव चिकटलं होतं. साधा बल्ब बदलायचा तर हा गृहस्थ बायकोला शिडी धरायला लावायचा, आईला मेन स्विचपाशी पहाऱ्यावर उभं करायचा आणि स्वतः हेल्मेट घालायचा! त्याला दुसरं काय म्हणणार? तर अशा या साहेबांनी एका रविवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवला आणि जाहीर केलं, "आज गाडी चार बोटं खाली घ्यायची. दुपारी आई त्याच गाडीतून मावशीकडे जाणार. जबाबदारी माझी."

यामागे मोठी कथा होती. आठ महिन्यांपूर्वी साहेबांनी हौसेनं चांगली उंच गाडी घेतली. पहिल्याच दिवशी आईनं एक पाय आत टाकला, दुसरा जमिनीवरच राहिला आणि गुडघ्यांनी तिथेच संप पुकारला. शेवटी बायकोनं आणि समोरच्या शिंप्यानं मिळून आईला आत ढकललं. "कपाट चढवतात तसं चढवलंत मला," असं म्हणून आईनं त्या गाडीचं नावच टाकलं. बसच्या पायऱ्या चढणं तर गुडघ्यांपायी आधीच बंद झालं होतं. त्यामुळे गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या थोरल्या बहिणीकडे तिचं जाणंच थांबलं.

मावशीचे गुडघेही त्याच कुळीतले, पण स्वभाव त्याहून ताठ. मुलानं एवढी गाडी घेतली तरी हिला यायला होत नाही, म्हणजे हिच्या मनातच नाही, असं तिनं ठरवून टाकलं आणि दोन महिन्यांपासून फोनही बंद केला. आज मावशीला पंचाहत्तर पूर्ण होत होती. आजही आई गेली नाही तर हा अबोला कायमचा, हे घरात सगळ्यांना कळत होतं. बहिणीसाठी घेतलेल्या शालीची घडी आईनं सकाळपासून तीनदा मोडून पुन्हा घातली होती.

बायकोनं सुचवलं की दाराशी एक स्टूल ठेवलं तरी भागेल. साहेब असे दचकले, जणू तिनं सासूला फासावर चढवायला सांगितलं. स्टूल घसरतं, घसरलं की माणूस पडतो, पडला की हाड मोडतं. स्टूल या एका विषयावर ते दहा मिनिटं बोलले. तेवढ्यात चार स्टुलं सुतारानं बनवून दिली असती.

गॅरेजवाल्याचं म्हणणं आणखी सोपं होतं. स्प्रिंगची दोन वेटोळी कापून टाकू, अर्ध्या तासात गाडी खाली. हे ऐकून साहेबांचा चेहरा पांढरा पडला. कापलेली स्प्रिंग म्हणजे काय असतं, ती भर रस्त्यात कशी दगा देते, हे त्यांनी त्याला त्याच्याच गॅरेजात उभं राहून शिकवलं. मग पिशवीतून नव्या, आखूड स्प्रिंगा काढल्या आणि खिशातून यादी काढली. एकवीस कलमं! सपाट जागा, हँडब्रेक, चाकांना लाकडी ठोकळे, जॅकवर उचलल्यावर खाली पक्के स्टँड, स्प्रिंग सोडवण्याआधी ती शिकंज्यात आवळून धरायची. आणि सगळ्यांच्या वर लाल शाईत: गाडी जॅकवर असताना आत कोणीही बसायचं नाही.

साहेब कलम वाचत, गॅरेजवाला पाना फिरवी, साहेब बरोबरची खूण करत. एकेक नट तीनतीनदा तपासला गेला. वीस वर्षांच्या धंद्यात गॅरेजवाला इतका कधी दमला नव्हता. दुपारी तीनला शेवटचं चाक बसलं तेव्हा त्यानं चहासुद्धा नको म्हटलं आणि शटर ओढून तो घरी झोपायला गेला.

पण काम झालं होतं झकास! गाडी दारात येताच आई घरातून बाहेर आली, गाडीकडे संशयानं बघितलं, पाठ वळवली आणि मागच्या सीटवर टेकली. धप्प! ना शिंपी, ना ढकलाढकली. दोन्ही पाय आपसूक आत आले. आईनं सीटवरून हात फिरवला आणि म्हणाली, "अरे, खरंच की रे." साहेबांचे डोळे भरून आले. रुमालानं नाक पुसून त्यांनी एकविसाव्या कलमापुढे लिहिलं, 'आईची चाचणी यशस्वी.'

पुढचा प्रवास मात्र जरा लांबला. चार बोटं खाली आलेल्या गाडीचं पोट पहिल्याच गतिरोधकावर असं खरडलं, की साहेबांच्याच पोटात कळ आली. मग वजन कमी करायचं म्हणून प्रत्येक गतिरोधकापाशी बायकोनं उतरायचं, वाकून गाडीखाली बघायचं आणि "या, या, थांबा, आता या" करत पुढे चालायचं, असं ठरलं. रस्त्यावर गतिरोधक होते सव्वीस. बायको निम्मी वाट चालतच आली म्हणा ना. शिवाय नव्या कामानंतर पाच किलोमीटरवर नट पुन्हा तपासायचे हेही कलम होतंच. चारला पोचायचं ते साडेपाचला पोचले.

मावशी दारात हाताची घडी घालून उभी होती. साहेबांनी अदबीनं गाडीचं दार उघडलं. आई हसली, शाल छातीशी धरली आणि उठायला गेली. उठलीच नाही. पुन्हा जोर केला, पुन्हा मागे. बसायला जेवढं सोपं, उठायला तेवढंच कर्मकठीण, ही साधी गोष्ट एकवीस कलमांत कुठेच नव्हती! साहेबांनी आईच्या काखेत हात घालून पाहिला, पण आत शिरायला जागा नाही आणि बाहेरून बळ पुरेना.

मावशीला लांबून दिसलं ते एवढंच, की धाकटी बहीण गाडीत बसून आहे आणि मुलगा, सून तिच्या विनवण्या करताहेत. ती तिथूनच म्हणाली, "उतरायलाही कमीपणा वाटतो वाटतं. असू दे. आल्या वाटेनं जा."

एवढं बोलून ती आत वळली. साहेबांच्या पायांखालची जमीन सरकली. दोन म्हाताऱ्या बहिणींचं नातं आपल्या चार बोटांपायी तुटतंय हे त्यांना उघड्या डोळ्यांनी दिसत होतं. तेवढ्यात आईनं सगळी लाजलज्जा सोडून गल्लीभर ऐकू जाईल असा आवाज काढला, "ताई, अगं उठताच येत नाहीये मला!"

मावशी थांबली. पायऱ्या उतरून सावकाश गाडीपाशी आली, आत वाकून बघितलं आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या कपाळावरची आठी सुटली. म्हणाली, "लहानपणापासून अशीच आहेस. दे हात."

आईनं हात दिला. मावशीनं ओढलं, आईनंही ओढलं. पण आईचं वजन जास्त! मावशी सरळ आत. धप्प!

आता दोघी आत. बायको म्हणाली, अहो, जॅक लावा आणि गाडी वर घ्या, म्हणजे दोघी उतरतील. साहेबांनी यादी काढली, वरच्या लाल ओळीवर बोट ठेवलं आणि मान हलवली. नियम म्हणजे नियम. बायकोनं त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तिच्यापासून बचावाचं कुठलंही साधन कारखान्यात मिळत नव्हतं.

आत मात्र आठ महिन्यांचा बांध फुटला होता. आधी दोघी रडल्या, मग चूक कोणाची यावर भांडल्या, मग हसायला लागल्या त्या थांबेचनात. शाल मावशीच्या खांद्यावर गेली, चहा खिडकीतून आत गेला, केकही मांडीवरच कापला. मावशीचे पाहुणे घरात ताटकळले आणि साहेब रिकाम्या बशा धरून गाडीशी उभे राहिले.

दिवेलागणीला मावशी म्हणाली की आता घरात जायला हवं, लोक काय म्हणतील. तिनं पुढच्या सीटला धरलं, दुसऱ्या हातानं वरचा दांडा पकडला आणि कण्हतकुथत चांगली वीतभर उठली. साहेबांना हायसं वाटलं. एक सुटली म्हणजे दुसरीही सुटेल! त्यांनी बशा टपावर ठेवून लगबगीनं हात पुढे केला.

आईनं तो हात मध्येच धरला, त्यांना खाली वाकवलं आणि कानात हळूच म्हणाली, "अरे, ही गाडी अजून दोन बोटं खाली घेता येईल का रे? ताईला अजून उठता येतंय."