पृष्ठभाग स्वच्छ आहे

जयपूरच्या खातीपुऱ्यात 'रणवीर कुंज' नावाची निवृत्त फौजी कुटुंबांची एक वसाहत आहे. वसाहतीत बाग आहे, बागेत तळं आहे, तळ्यात मासे होते आणि पाण्यावर कडुलिंबाची पानं पडत. ही शेवटची बाब उद्यान समितीचे अध्यक्ष, निवृत्त कर्नल सतीश घोरपडे यांच्या नजरेस आली आणि पुढचं सगळं घडलं.

तोवर पानं बागेची झाडलोट करणारी मीराबाई काढत असे. लांब दांड्याची जाळी घेऊन ती सकाळी तळ्याभोवती फेरी मारी, पानं कोपऱ्यात झटकी आणि चहा प्यायला जाई. या पद्धतीत यंत्र नव्हतं, त्यामुळे ती मागासलेली होती. कर्नलसाहेबांनी शहरातल्या सी-स्कीम भागातल्या दुकानातून स्किमर आणवला. स्किमर म्हणजे पाण्याच्या पातळीवर तोंड उघडून बसणारी पेटी. आतला पंप वरवरचं पाणी ओढतो, त्याबरोबर कचरा येतो आणि टोपलीत अडकतो. उद्घाटनाला नारळ फुटला. त्याच्या शेंड्या पाण्यात पडल्या, त्या स्किमरने गिळल्या आणि टाळ्या झाल्या.

पहिल्याच आंधीत टोपली पानांनी गच्च भरली आणि पंप बंद पडला. टोपली रोज रिकामी करावी, असं माहितीपुस्तिकेत लिहिलं होतं. कोणी करावी, हे लिहिलं नव्हतं. विजेच्या उपकरणाला हात लावण्याचा अधिकार मीराबाईला नव्हता. इलेक्ट्रिशियन पंडितजींनी पानांना हात लावायला साफ नकार दिला. ते वायरिंगचे माणूस. तातडीची बैठक बसली. उपकरण मौल्यवान असल्याने त्यात कचरा जाता कामा नये, असा ठराव झाला. यापुढे मीराबाईने जाळीने सगळी पानं काढावीत आणि पाणी स्वच्छ असल्याची खात्री पटल्यावरच स्किमर सुरू करण्यात यावा.

"साहब, फिर ये मशीन करेगी क्या?" मीराबाईने विचारलं.

"देखरेख," कर्नलसाहेब म्हणाले.

स्किमर उत्तम चालू लागला. टोपली रोज कोरी निघे आणि समितीच्या अहवालात यंत्राची कामगिरी समाधानकारक अशी नोंद होई.

अडचण आली ती साहेबांच्या घरातूनच. त्यांच्या पत्नी सुहासिनीताई रोज सकाळी माशांना दाणे घालत. त्यातला गुलाब त्यांचा विशेष लाडका. चौमूं गावच्या माशांच्या नर्सरीतून पाण्याच्या पिशवीत, मांडीवर सांभाळत आणलेला केशरी मासा. शेपटीवर पांढरा डाग. मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेल्यापासून घरात हाक मारावी असं कोणी उरलं नव्हतं. गुलाब हाकेला वर येई. बाई त्याच्याशी बोलत आणि त्यांना बरं वाटे.

पण दाणे तरंगतात. तरंगते ते स्किमर ओढतो. कोऱ्या टोपलीत दाणे सापडू लागले, तेव्हा पाण्यावर काहीही टाकण्यास मनाई झाली.

"अहो, मग मासे खाणार काय?"

"मतलब, निसर्गात त्यांना कोण वाढतं?"

"निसर्गात स्किमर असतो का? दाणे खाईपर्यंत तरी मशीन बंद ठेवा."

"बंद ठेवलं तर अहवालात 'बंद' लिहावं लागेल. सुहास, तू हे समितीसमोर मांड."

"समितीत कोण आहे?"

"मी आहे."

बाईंनी लपवून कणकेच्या गोळ्या टाकून पाहिल्या. त्या बुडाल्या खऱ्या, पण पाणी गढूळ झालं आणि चौकशी लागली. नोटीस योग्य मार्गानेच जायला हवी, म्हणून चौकीदाराने ती घोरपड्यांच्या घरी आणून दिली. बाई तेव्हा नोटिशीवर सही करणाऱ्यालाच आमटी वाढत होत्या. त्यांनी नोटीस वाचली आणि आमटीचं पातेलं उचलून आत नेलं.

जूनमध्ये उत्कृष्ट उद्यानाच्या ढालीसाठी वसाहतींची वार्षिक पाहणी आली. दगडांना गेरू लागला, झाडांच्या बुंध्यांना चुना लागला. पाणी रंगवता येत नाही म्हणून तेवढं राहिलं. शेजारच्या वसाहतीचे ब्रिगेडियर जयंत परीक्षक होते. सगळे काठावर उभे राहिले. पाणी आरशासारखं होतं.

"गुलाब कालपासून हाकेला आला नाही," सुहासिनीताई म्हणाल्या.

"नंतर," कर्नलसाहेब पुटपुटले.

गुलाब नंतरसाठी थांबला नाही. तो वर आला, पण आडवा. हळूहळू सरकत स्किमरच्या तोंडाशी गेला आणि अडकला. शेपटीवरचा डाग तेवढा बाहेर राहिला.

ब्रिगेडियर वाकून बघत होते. "ओढ चांगली आहे," ते म्हणाले.

बाईंनी गुडघ्यांवर बसून त्याला पदरात काढून घेतलं. तो अगदी हलका लागला. "उपाशी मेला हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही मारलात त्याला."

कर्नलसाहेबांचा चेहरा क्षणभर पडला. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग अहवाल लिहिला: तरंगता कचरा आढळला, यंत्राने तत्काळ ओढून घेतला, मानवी मदत लागली नाही.

ढाल रणवीर कुंजला मिळाली. उरलेले मासे केव्हाही तरंगण्याचा संभव असल्याने नर्सरीला परत गेले. सुहासिनीताई अजूनही सकाळी काठावर येऊन उभ्या राहतात. हाक मारत नाहीत.

आता लांबलांबच्या वसाहतींतून लोक तळं बघायला येतात. पाण्यात चेहरा बघून केस सारखे करतात, फोटो काढतात. माशांचं तळं म्हणतात, पण मासे कुठे गेले असं कोणी विचारत नाही. स्किमर कुठून घेतला, हे मात्र प्रत्येक जण विचारतो. तुम्हाला तेही विचारायची गरज नाही. गुलाबला आणलं कुठून, हे तुम्ही एव्हाना विसरला असाल. पण स्किमरचं दुकान सी-स्कीममध्ये आहे, हे तुम्ही मघाशीच ध्यानात ठेवलं आहे.