चार पायांची मुंगी

साहेब येईपर्यंत एकाही पोराने उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही, असं अनुसयाबाईंनी सकाळपासून चौथ्यांदा बजावलं आणि पुन्हा स्वतःच बाहेर डोकावून आल्या. नंदिगड्ड्याच्या अलीकडच्या त्या रानातल्या शाळेत त्यांची आठ वर्षं गेली होती. झुरळ दिसलं तरी अंगावर काटा येणाऱ्या बाईला आठ वर्षं म्हणजे थोडीथोडकी नव्हेत. आता रामनगरच्या एका शाळेला कॉम्प्युटरवर शिकवणारी शिक्षिका हवी होती. तपासणीच्या साहेबांनी आज चांगला शेरा दिला की बदली पक्की.

म्हणून पंधरा दिवस बाईंनी पोरांना कॉम्प्युटरसमोर डांबलं होतं. धडा मुंगीचा. पडद्यावर एक निळी मुंगी नाचायची आणि विचारायची, "मला पाय किती?" चारचं बटण दाबलं की टाळ्या वाजायच्या.

"बाई, मुंगीला सा पाय असत्यात," तिसरीतली फुला म्हणाली होती. "आनि निळी मुंगी म्या कवाच बगितली न्हाई."

"साहेब जाईपर्यंत चारच!" बाईंनी विषय मिटवला.

फुलाच्या डोक्यातून तो मिटेना. बाईंना एकदा खरी मुंगी दाखवावीच, म्हणून आज येताना तिने तांबड्या मुंग्यांचं पानांचं घरटं फांदीसकट मोडून आणलं आणि कुणाला दिसू नये म्हणून कॉम्प्युटरच्या मागे ठेवलं.

नागेश साहेब जोयड्याहून जीपने आले ते शिंकतच. बाईंनी खुर्ची पुढे केली, कॉम्प्युटर सुरू केला. तो तापला तशा मागच्या मुंग्याही तापल्या. निळी मुंगी नाचायला लागते न लागते, तोच पडद्यावरून तांबड्यांची रांग उतरली आणि टेबलावरून थेट साहेबांच्या बाहीत शिरली.

"अगं आई गं!" बाई किंचाळल्या आणि साडी सावरत बाकावर चढल्या.

"सायब, हलू नगा! हललं की चावत्यात," फुला ओरडली. पोरांना काही सांगावं लागलं नाही. दोघांनी घरटं उचलून बाहेर झाडावर ठेवलं, बाकीच्यांनी साहेबांच्या मानेवरच्या मुंग्या चिमटीने वेचल्या. फुलाने त्यातल्या चार तळहातावर चुरगळून साहेबांच्या नाकाशी धरल्या.

"हुंगा. सर्दी जाती."

साहेबांनी हुंगलं. डोळ्यांत पाणी आलं, पण नाक खरंच मोकळं झालं.

"हिला पाय किती गं?" बाहीवरची एक मुंगी निरखत त्यांनी विचारलं.

"खऱ्या मुंगीला सा. कॉम्प्युटरातल्या मुंगीला चार. सायब जाईतोवर चारच म्हणा, असं बाईंनी सांगितलंय."

बाकावर बाईंनी डोळे मिटून घेतले. संपलं रामनगर!

पण साहेब खो खो हसले आणि शेऱ्याची वही ओढून लिहू लागले. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचलंही. "शिक्षिकेने खोट्या मुंगीशेजारी खरी मुंगी ठेवून मुलांना विचार करायला लावलं. स्वतः मध्ये न पडता, बाजूला उंचावर उभं राहून मुलांना शिकू दिलं. असं शिकवणं मी आजवर पाहिलं नाही."

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या बाकावरून उतरू लागल्या.

"'तरी यांना या रानातून हलवू नये,'" साहेबांनी शेवटची ओळ वाचली.

"पण साहेब, रामनगर..."

"तिथं बटणं दाबायला कुणी बी मिळतंय हो, बाई!"

"बाई जानार न्हाईत!" पोरांनी टाळ्या पिटल्या. बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. इतका आनंद झालेला पाहून फुलालाही भरून आलं.

"रडू नगा, बाई," ती त्यांच्या पदराला बिलगत म्हणाली. "सोमवारी ह्याच्यापरास मोठं घरटं आनू या."