पस्तिसाव्या मिनिटाचा एसी

लिफ्टवाल्या काकांच्या गाडीतला एसी बरोबर पस्तिसाव्या मिनिटाला मान टाकायचा, आणि ही गोष्ट काकांनी घराबाहेर कुणाच्या कानावर जाऊ दिली नव्हती. चौतीस वर्षं लिफ्टी दुरुस्त केलेला माणूस. आपल्या लिफ्टमध्ये दहा मिनिटांच्या वर कुणी अडकलं नाही, असं ते छाती काढून सांगत. काकू म्हणत, अडकलेला माणूस यांचं भाषण ऐकायच्या भीतीनेच दार फोडून बाहेर येत असणार. तर असा माणूस मेकॅनिककडे जाऊन म्हणणार का, की बाबा रे, मला काही सापडेना?

एसी तरी किती बेरकी. सुरुवातीला असा वारा सोडायचा की मागच्या सीटवर भाजी ठेवली तर आठ दिवस कोमेजू नये. मग नुसती फुंकर, मग उसासा, आणि शेवटी घरघर तेवढी. काका गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडायचे, फ्यूज बघायचे, पट्टा दाबायचे, पंधरा मिनिटं एसीच्या सात पिढ्या उद्धरायचे. किल्ली फिरवली की वारा पुन्हा झकास.

"मला बघून सुधारतो तो," काका म्हणाले.

"मग तुमचा फोटो लावते तिथे," काकू म्हणाल्या.

काकू शिवणकाम करायच्या. त्यांनी एसीच्या जाळीला लाल फीत बांधून दिली. वारा आला की फीत आडवी, गेला की उभी. काका घड्याळ लावून तीन दिवस गावभर हिंडले. पंखा धुतला, दोन वायरी बदलल्या, पण फितीने आपली वेळ सोडली नाही.

हे सगळं चाललं होतं व्याह्यांसाठी. व्याही म्हणजे रिटायर्ड हेडमास्तर, ताठ मानेचा माणूस. लग्नाच्या बैठकीत ते सहज म्हणून गेले होते, लिफ्टमध्ये काय, दोनच तर बटणं असतात, वर आणि खाली. पाच वर्षं झाली, काकांना ते अजून झोंबत होतं. मुलगी-जावयाने तीन तासांवरच्या शहरात घर घेतलं, वर्ष उलटलं तरी व्याही ते बघायला गेले नव्हते. काकांनी फोन उचलला आणि सांगून टाकलं, रविवारी आमच्या गाडीतून चला, फक्त स्वेटर बरोबर घ्या, आमचा एसी जरा कडक आहे. व्याही आधी नको नको म्हणत होते, पण मागून विहीणबाईंनीच हो म्हणून टाकलं. फोन ठेवल्यावर काकांनाच घाम फुटला.

रविवारी ऐन उन्हात व्याही स्वेटर घालून पुढे बसले. विहीणबाई शाल पांघरून काकूंशेजारी. काकांनी मनात बेत पक्का केला होता: फीत खाली यायच्या आत थांबायचं, पंधरा मिनिटं काढायची आणि पुन्हा निघायचं.

तेहतिसाव्या मिनिटाला त्यांना चहाची तलफ आली. पुढच्या तेहतिसाव्या मिनिटाला टायरमध्ये हवा कमी वाटली. तिसऱ्यांदा त्यांनी सगळ्यांना तळं दाखवायला उतरवलं. तळ्यात पाणी नव्हतं. काकांनी चिखल दाखवला आणि पूर्वी इथे किती पाणी असायचं ते हात लांब करकरून सांगितलं. दर वेळी व्याही दार उघडून तडक कुठेतरी नाहीसे व्हायचे. काकांना वाटलं, वैतागलाय माणूस, तोंड बघायला नको म्हणून जातोय.

चौथ्या वेळी मात्र घात झाला. पुढे ट्रक उलटलेला, गाड्यांची रांग लागलेली, ना पुढे जाता येत, ना मागे. फीत हळूहळू लोंबायला लागली. चाळीस मिनिटं झाली. व्याह्यांच्या कपाळावर घाम, दोन्ही गुडघे एकमेकांना चिकटलेले, नजर समोरच्या काचेवर. काकांना कळून चुकलं की आता बटणांचा विषय निघणार.

"व्याहीबुवा," व्याही अगदी हळू म्हणाले, "जरा कुठे थांबता आलं तर बरं होईल."

रांग सुटली तशी काकांनी पहिल्याच हॉटेलात गाडी घुसवली. व्याही स्वेटरसकट पळत सुटले. काका स्टिअरिंग धरून बसून राहिले. इकडे विहीणबाईंनी काकूंचा हात हातात घेतला.

"दोन वर्षं झाली, हे कुणाच्या गाडीत बसले नाहीत हो. दर अर्ध्या तासाला जावं लागतं, आणि थांबा म्हणायची लाज. पोराच्या घरी जायचं म्हणून तर टाळत होते. तुमच्या यांना कसं कळलं?"

काकूंनी पापणीसुद्धा लववली नाही. "त्यांना न सांगताच कळतं. चौतीस वर्षं अडकलेल्या माणसांचंच बघितलंय त्यांनी."

नव्या घरात व्याही खोलीखोलीतून फिरले, भिंतींवरून हात फिरवला, मुलाच्या पाठीवर थाप मारली. निघताना सगळ्यांसमोर म्हणाले, गाडी चालवावी तर आमच्या व्याह्यांनी. काका त्या दिवशी दोन इंच उंच झाले, असं काकू आजही टेप दाखवून सांगतात.

पण व्याही आता दर महिन्याला येणार म्हणाले, आणि दर महिन्याला चिखल कोण बघणार? शेवटी काकूंनी काकांना ढकलतच मेकॅनिककडे नेलं. त्याने डावीकडचा कप्पा काढला, मागे हात घातला आणि फिल्टर ओढून बाहेर काढला. फिल्टर कसला, गादीच. कोटाच्या अस्तराचे तीन थर, कडेने दुहेरी शिवण, चार कोपऱ्यांना चार काज-बटणं. गाडीत धूळ येते म्हणून काकूंनी उन्हाळ्याआधी हौसेने शिवलेला. काकांनी अख्खी गाडी उघडली होती, पण तिथे हात घातला नव्हता. काकूंच्या शिवणीत चूक असेल, हे त्यांच्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं.

मेकॅनिक म्हणाला, यातून हवाच जात नाही, म्हणून आतल्या कॉइलवर बर्फ धरतो आणि वाट बंद होते. गाडी थांबली की बर्फ वितळतो, वाट मोकळी. मग शिवण बोटाने चाचपत त्याने विचारलं, "हे शिवलं कुणी? वीस वर्षांत इतकं घट्ट काम बघितलं नाही."

"मी," काकू पदर सारखा करत म्हणाल्या.

मेकॅनिकने नवा फिल्टर उचलला. काकांनी त्याचा हात धरला.

"जुनाच बसव."

"अहो काका, एसी बंद पडेल."

"पडू दे. वेळेवर पडतो."

पुढच्या फेरीहून आल्यावर व्याह्यांचा फोन आला. फार छान झाला म्हणे प्रवास. फक्त जरा घुटमळत त्यांनी विचारलं, पहिला चहा पाच-सात मिनिटं अलीकडे घेता येईल का?

काकांनी फोन ठेवला आणि काकूंकडे पाहिलं. काकूंनी चष्मा लावला, मशीनवरचं झाकण काढलं आणि अस्तराचा चौथा थर कापायला घेतला.