साडेदहा इंचांचा दगड

मापाच्या बाबतीत मिलिमीटररावांना कोणी शिकवायला जाऊ नये! हे आम्ही म्हणत नाही हं, ते स्वतःच म्हणायचे. दिवसातून निदान चारदा म्हणायचे, आणि दुकानात गिऱ्हाईक नसलं तर बायकोला म्हणायचे. एकोणीस वर्षं काचेचा धंदा. खिडक्यांच्या काचा, कपाटांचे आरसे, दुकानांच्या दर्शनी काचा, सगळं स्वतः मापायचं, स्वतः कापायचं आणि आपल्या पिकअपवरच्या तिरक्या चौकटीला बांधून स्वतः पोचवायचं. त्यांचं खरं नाव आता त्यांच्या बायकोखेरीज कोणाला आठवत नाही, आणि तीही ‘अहो’च म्हणते. एकोणीस वर्षांत वाटेत एक काच फुटली नव्हती. एक!

मग ती फुटली.

झालं असं, की टेकडीवरच्या मुलींच्या शाळेने बेचाळीस खिडक्या नव्याने करायला काढल्या. एवढं मोठं काम मिलिमीटररावांना आजवर मिळालं नव्हतं. पहिल्या फेरीला ते सभागृहाची सात फुटी काच घेऊन निघाले. शाळेकडे जायला कच्चा रस्ता. त्यावर चाकांच्या दोन चाकोऱ्या, आणि शेवटच्या चढाच्या खाली, बरोबर मधोमध, एक दगड. उचलला आणि फेकला असला दगड नव्हे! टेकडीचाच खडक तो, जमिनीतून डोकं वर काढून बसलेला. शाळेने पहारी लावून पाहिल्या, तर पहारी वाकल्या. एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला दरड. शाळेची बससुद्धा खालीच थांबते आणि मुली चालत वर जातात.

पिकअप दगडावर आली. पोटाखालून ‘ठण्!’ झालं आणि मागून ‘खळ्ळ!’

शाळेच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, आवाज ऐकून खाली आल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं!

“पुढच्या शनिवारी दुसरी आणा,” त्या म्हणाल्या. “ती धडपणे पोचली तर उरलेल्या एक्केचाळीसही तुम्हीच करा. तीही फुटली, तर मला दुसरं कोणी बघावं लागेल.”

त्यानंतर दोन दिवस मिलिमीटरराव जेवले नाहीत, असं ते सांगतात. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, सांगतात, जेवले, पण आमटीला नावं ठेवली नाहीत. म्हणजे प्रकरण गंभीरच होतं.

मंगळवारी ते पट्टी घेऊन टेकडीवर गेले. दगड मापला. साडेदहा इंच. घरी येऊन गाडी मापली. आता हे नीट ऐका, कारण सगळं रामायण इथंच घडलं. काचवाला माप घेतो ते कडेला. चौकटीची डावी कड, उजवी कड, वरची, खालची. मध्ये काच कशाला मापायची? मध्ये तर काचच असते! मिलिमीटररावांनी गाडीही तशीच मापली. दाराखालची कड जमिनीपासून दहा इंच. डावीकडे दहा, उजवीकडे दहा. दोनदा ताडून पाहिलं.

“अर्धा इंच!” त्यांनी कपाळावर हात मारला. “अगं, अर्ध्या इंचाने घात केला!”

“मग आता?” वहिनींनी विचारलं.

“आता गाडी वर उचलायची.”

वहिनींचा भाऊ गॅरेज चालवतो. मिलिमीटरराव बुधवारी सकाळी तिथे हजर.

“ए बाबा, अर्धा इंच उचलून दे.”

मेहुणा हसला. “दाजी, गाडी उंच करायचं किट अर्ध्या इंचाचं नसतं. दोन इंच आहे, चार आहे, सहा आहे. शिवाय उचलायचं काय, नुसता वरचा सांगाडा की स्प्रिंगपासून सगळं? ठोकळे घालायचे की स्प्रिंगच बदलायच्या? आणि टायर कुठले घालणार, त्यावर किट ठरेल.”

“टायर किटवर ठरत नाही का?”

“तेही ठरतं.”

“मग आधी काय ठरतं?”

“दोन्ही,” मेहुणा म्हणाला.

मिलिमीटरराव स्टुलावर बसले. मेहुण्याने कपाटातून तीन खोकी काढून समोर मांडली. तिन्हींत लोखंडी ठोकळे, लांबलचक बोल्ट आणि इंग्रजी-U सारख्या वाकवलेल्या सळ्या. तिन्ही सारखीच दिसत होती. त्यांनी पट्टी काढून एकेक ठोकळा मापला, वहीत लिहिला, आणि दहा मिनिटांनी कुठला आकडा कुठल्या खोक्याचा हेच विसरले.

“दाजी, खरं सांगू का,” मेहुणा म्हणाला, “तुमचा प्रश्न किटचा नाहीच. मागच्या चाकांच्या मध्ये जो गोळा आहे ना—”

“मला कडेचं बोल! चार इंच दे. टायरचं बघून येतो.”

टायरचं दुकान दोन गल्ल्या सोडून. तिथे टायरवाल्या मावशी. गळ्यात चष्मा, हातात खडू, आणि जिभेला हाड नाही. मिलिमीटररावांनी दारातल्या टायरवरचे आकडे वाचले आणि चष्मा पुसून परत वाचले.

“मावशी, हे दोनशे पासष्ट काय आहे?”

“रुंदी. मिलिमीटर.”

‘मिलिमीटर’ ऐकून त्यांना माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. “आणि हे सत्तर? हेही मिलिमीटर?”

“छे! ते टक्के. रुंदीच्या सत्तर टक्के उंची.”

“आणि सोळा?”

“ते इंच. आतल्या लोखंडी चाकाचं माप.”

“एका टायरवर तीन प्रकारची मापं?” मिलिमीटररावांचा आवाज चिरकला. “मी एका खिडकीचं माप मिलिमीटरमध्ये, टक्क्यांत आणि इंचांत लिहून दिलं तर लोक मला दुकानाबाहेर काढतील!”

“टायर खिडकीत बसवायचा नसतो,” मावशी म्हणाल्या. “तुम्हाला हवंय काय?”

त्यांनी दगडाची सगळी कहाणी सांगितली. मावशींनी ती शेवटपर्यंत ऐकली. असं त्या क्वचितच करतात.

“मग हा घ्या. तुमच्या टायरपेक्षा चार इंचांनी मोठा.”

“म्हणजे गाडी चार इंच वर?”

“दोन.”

“चार म्हणालात ना आत्ता!”

“टायर चार इंच मोठा. गाडी दोन इंच वर. उरलेले दोन टायरच्या वरच्या बाजूला जातात.”

मिलिमीटररावांनी टायरच्या वरच्या बाजूकडे पाहिलं. मग खालच्या बाजूकडे पाहिलं. मग टायर जरा फिरवला, तर वरची बाजू खाली आली आणि खालची वर गेली. त्यांना गरगरायला लागलं.

“मावशी, दगड खाली आहे. वरच्या बाजूचे दोन इंच मी काय करू?”

“काही करू नका. गोल वस्तू अशीच वाढते. पण ऐका, तुमचा तो मधला गोळा उचलायचा असेल तर टायरच हवा. किटने तो—”

“चारचं माप सांगून दोन देता, आणि वर शहाणपण! एकोणीस वर्षांत मी गिऱ्हाइकाला एक मिलिमीटर कमी दिलेला नाही!” आणि मिलिमीटरराव तरातरा निघून गेले.

नुसतं चार इंचांचं किट ठरलं. गुरुवार-शुक्रवार मेहुणा गाडीखाली आणि दाजी त्याच्या डोक्याशी उकिडवे.

“दाजी, गोळ्याचं एकदा ऐकून तरी—”

“तू नट आवळ!”

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी दाराखालची कड मापली. चौदा इंच! डावीकडे चौदा, उजवीकडे चौदा. मिलिमीटररावांना आनंदाने काय करावं सुचेना, त्यांनी मेहुण्याशी हात मिळवला, त्याच्या हाताला ग्रीस होतं तरी.

आता गाडी उंच झाली की बाकी सगळं खाली राहतं, हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. वहिनींना शनिवारी सकाळी गाडीत चढता येईना. पाय पायरीवर पोचला तर हात पोचेना, हात पोचला तर साडी आड येई. शेवटी स्वयंपाकघरातलं स्टूल आलं. काच चढवायलाही तेच स्टूल. एकोणीस वर्षं दोघं मिळून काच उचलत आलेले, खांद्यापर्यंत उचलायची आणि सरकवायची. आता डोक्याच्या वर न्यावी लागली.

“अहो, तिसऱ्यांदा बांधताय ती दोरी,” वहिनी हळूच म्हणाल्या.

“गाडी उंच आहे म्हणून.”

वहिनींनी काचेला अजून एक गोधडी बांधली, आणि मग न विचारता अजून एक.

गाडी निघाली ती मुंगीच्या चालीने. मागून मेहुणा स्कूटरवर. त्याने दोनदा पुढे जाऊन वळून पाहिलं, कारण पिकअप थांबली की चालते आहे ते मागून कळत नव्हतं. शेवटच्या चढाखाली दगड दिसला. मिलिमीटररावांनी खिडकीतून मान काढली. दाराखालची कड दगडापेक्षा केवढी तरी उंच!

“बघ! बघ ती कड!” ते ओरडले. “अगं, साडेतीन इंच जागा उरते!”

पुढची चाकं दगड ओलांडून गेली. काही नाही. गाडीचं पोट त्यावरून गेलं. काही नाही. मिलिमीटररावांनी वहिनींकडे बघून मिशीवर हात फिरवला.

‘ठण्!’

सगळे जागच्या जागी गोठले. मागून ‘खळ्ळ’ येतंय का, ते ऐकायला कोणी श्वासही घेईना. नाही आलं. मुंगीच्या चालीने वाचवलं. पण गाडी पुढे हलेना, मागे हलेना.

मेहुणा रस्त्यावर आडवा झाला आणि गाडीखाली बघून म्हणाला, “दाजी, गोळा.”

मिलिमीटरराव त्याच्या शेजारी आडवे झाले. मागच्या दोन चाकांना जोडणारा लोखंडी दांडा, त्याच्या मधोमध नारळाएवढा गोळा, आणि तो गोळा दगडावर आरामात टेकलेला.

“पण आपण चार इंच उचललं ना?”

“या दांड्याच्या वरचं सगळं उचललं. दांडा चाकाला धरून असतो, दाजी. चाक मोठं झालं तरच तो वर जातो. मी सांगत होतो—”

“म्हणजे गोळा तिथंच?”

“तिथंच. गेल्या शनिवारी होता तिथंच.”

मिलिमीटरराव उठून बसले. पाठीला धूळ, हातात पट्टी. “मला काही कळेनासं झालंय,” ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. “अगं, एक्केचाळीस खिडक्या गेल्या. मी मध्ये मापलंच नाही.”

वहिनींनी पदर खोचला. “अजून काच फुटलेली नाही. वरची कड तुम्ही धरा, खालची मी धरते.”

“चढ आहे!”

“मुली रोज चढतात.”

स्टुलावर उभं राहून दोघांनी काच उतरवली. मेहुण्याला मावशींना फोन करायला सांगितलं, आणि चढ सुरू झाला. वहिनी मोजायच्या, “एक, दोन, तीन, चार, टेका!” चार पावलं, की गोधडीवर काच टेकवायची, दम खायचा, पुन्हा उचलायची. अर्ध्या वाटेवर मुलींची रांग भेटली. त्यांनी बाजूला होऊन वाट दिली आणि मागोमाग चालू लागल्या. काच वर पोचली, चौकटीत गेली, आणि अशी बसली की मध्ये कागदही सरकू नये! मोठ्या बाईंनी चारी कडांवरून बोट फिरवलं. मिलिमीटररावांची मान ताठ होती.

तासाभराने खालून हॉर्न ऐकू आला. टायरवाल्या मावशींनी जॅक लावून गाडी उचलली होती आणि ते चार इंच मोठे टायर स्वतः बसवले होते. किटमुळे वर जागा झाली होती, म्हणून ते बसले तरी. पिकअप दगडावरून अशी अलगद आली, की मेहुण्याला दगड कुठे गेला ते कळलं नाही. शाळेच्या आवारात ती उभी राहिली, उंच, दणकट, दिमाखदार. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

मिलिमीटररावांचा सगळा शीण पळाला. “बाई, बघा!” ते म्हणाले. “आता कडेलाही मापा आणि मध्येही मापा! उरलेल्या एक्केचाळीस काचा या गाडीने चार फेऱ्यांत आणतो!”

मोठ्या बाईंनी गाडीला एक पूर्ण फेरी मारली. एक टायर बोटाने दाबून पाहिला.

“काम तुमचंच,” त्या म्हणाल्या. “पण गाडीने एक काच आणलीत, ती फुटली. पायी एक आणलीत, ती धड पोचली. तेव्हा उरलेल्या एक्केचाळीसही अशाच आणा, तुम्ही आणि वहिनी, हातांनी. गाडी हवी तर मागून येऊ दे रिकामी. दमलात की टेकायला होईल.”